कायमचे हलवले आहे

कुताईसीत पिक्रिया दुसऱ्यांच्या पत्त्यांची साफसफाई करते.
या आठवड्यात बोंदोचं दुकान: वाइनचे रांजण,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरायचे,
आत माणूस उतरून घासेल एवढे.
पानं एकशे बारा. पत्ते असे, की
शोधयंत्राचं सोडाच, खुद्द बोंदो चुकावा.

एकाच्या शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह आणि चार हजार आठशे सतरा.
एकात तारीख, अकरा सालच्या मार्चची.
मजकूर कालच दुरुस्त केलेला,
पण पत्त्यावर शिळेपणाचा शिक्का,
गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत.
एकात बोंदोच्या पुतण्याने अख्खं वाक्य कोंबलंय,
शेपूट धरून ओढावं तरी संपत नाही.

ती कापते. ‘आणि’ जातं, ‘साठी’ जातं,
‘सर्वोत्तम’ तर आधीच.
उरतं: रांजण-धुणे.
मधे आडवी रेघ, तळाला टेकलेली नव्हे.
तळाची रेघ यंत्र धरतच नाही,
दोन शब्द चिकटून एकच होऊन बसतात.
बोंदो फोनवर म्हणतो, एवढ्याशा रेघेचे मी पैसे मोजतोय?
“पुरलेल्या रांजणाचं वर काय दिसतं?”
“तोंड.”
“मग.”

जुना पत्ता मात्र तसाच मोडून टाकायचा नसतो.
तिथे पाटी ठोकायची: कायमचे हलवले आहे, पलीकडे जा.
तीनशे एक.
हा आकडा तिला गेरोन्तीसारखा वाटतो, गल्लीतल्या पोस्टमनसारखा.
गल्लीचं नाव तीनदा बदललं,
सरकारं गेली तशा पाट्या गेल्या,
तरी कुठल्याही नावाने आलेलं पत्र तो बरोबर दारात टाकी.
तो निवृत्त झाला त्या हिवाळ्यात
मावशीची दोन पत्रं परत गेली,
‘असा पत्ता नाही’ हा जांभळा शिक्का घेऊन.
घर तिथेच होतं. सगळे घरातच होते.

शेवटचं पान उशांगीचं, बोंदोच्या थोरल्या भावाचं.
एक फोटो, चार ओळी, दोन साल.
इथल्या लिपीत नाव सहा अक्षरांचं,
यंत्राने पत्त्यात त्याचा भुगा केलाय:
टक्का, ई, एक, टक्का, आठ, तीन,
असं करत चोपन्न चिन्हं.

“इथे कुणी येत नाही,” पिक्रिया म्हणते. “महिन्याला एखादं माणूस.”
“तीच ती. वहिनी. बारीला असते, इटलीत,
कुणा म्हाताऱ्याचं सगळं करते.
तो पत्ता तिने औषधाच्या खोक्यावर उतरवून घेतलाय, हाताने.
रविवारी म्हाताऱ्याच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर बसते.”
“मग नवा कळवा की. नुसती सात रोमन अक्षरं.”
“कळवेन,” बोंदो म्हणतो,
आणि बराच वेळ पुढे काही म्हणत नाही.
मागे कुठेतरी ओली माती थापल्याचा आवाज.

रात्री ती नवा पत्ता घडवते.
जुन्यावर पाटी ठोकते.
इथे काम संपतं, बिलात एवढंच लिहिलंय.

पण मग ती एका कागदावर ती चोपन्न चिन्हं उतरवते
आणि कागद बघत, एका बोटाने,
टक्का, ई, एक, टक्का, आठ, तीन,
चाळिसाव्याला चुकते.
पान सापडले नाही.

चष्मा पुसते.
पुन्हा पहिल्या टक्क्यापासून.