उगवणशक्ती

मे सरता सरता ओलं गोणपाट अंथरतो,
दहा ओळी, ओळीत दहा दाणे सोयाबीनचे.
गुंडाळून सुतळी बांधतो, पाणी शिंपडत राहतो.
सातव्या दिवशी मोड मोजतो.
सत्तरच्या वर असले तर म्हणतो, पेरा.
खाली असले तर विचारतो, पोतं कुठं होतं?
टिनाखाली, म्हणतात. सारा उन्हाळा.

माझ्याही दोन्ही गोळ्या टिनाखाली होत्या,
पोटाच्या उबेत, जांघेच्या अलीकडे अडलेल्या.
"उतरतीन मोठा झाल्यावर," माय म्हणे,
"कायले गावभर करता?"
पोरं कालव्यात उड्या मारत,
मी काठावर कपडे राखत बसायचो.
अकराव्या वर्षी आर्वीच्या डॉक्टरनं खाली आणून टाके घातले.
झालं, म्हणाली माय.

वैजयंताच्या तपासण्या चार वर्षं चालल्या,
माझी एकच दुपार.
कागदावर शून्य.
शंभर दाण्यांचं गोणपाट, एकही मोड नाही.

सेवाग्रामच्या बाई पेनचं टोपण उघडझाप करत सांगत होत्या:
पोरगं दोन-तीन महिन्यांचं असताना
शरीर आतून एक हाक देतं,
त्या हाकेनं कोवळ्या पेशी कूस बदलतात,
पुढं बीज धरणाऱ्या होतात.
पोटात अडकलेल्यांना ती हाक नीट पोचत नाही.
कितीतरी जनुकं मिटलेलीच राहतात,
नळ्यांभोवतीचा पदर निबर होत जातो
झाडावर विसरलेल्या भेंडीसारखा.
"ऑपरेशननं जागा मिळते," बाई म्हणाल्या,
"जाग येईलच असं नाही.
लवकर झालं तर आशा जास्त."

दिवाळीत प्रज्ञाकडे गेलो.
तिची सासू सुगतला तेल लावत होती, सात महिन्यांचा.
एका बाजूला तिचा अंगठा थांबला,
मग मांडीवर सरकला.
मी पाहिलं.
"एक हाये ना," ती म्हणाली, "दुसरं येईन."

अंगणात भाऊजी होते, शेजारचे दोघं होते.
मी उभा राहून म्हणालो, मला मूल होणार नाही.
का, तेही सांगितलं, सगळे शब्द वापरून.
वैजयंता तांदूळ निवडत होती,
निवडतच राहिली,
फक्त खडे सुपातच पडू लागले.

सोमवारी एसटीत सुगत माझ्या मांडीवर झोपला.
बाईंनी तपासलं, पुढच्या महिन्याची तारीख दिली.
तो फाईलचा कोपरा चावत होता.
शक्यता चांगली आहे, म्हणाल्या.
मी आकडा विचारला. सत्तरच्या वर?

"अहो," बाई म्हणाल्या, "पोरगं आहे ते, पोतं नाही."