उजव्या वळणावर

तीन गॅरेजं फिरून एस्तेर साळवे माझ्याकडे आल्या,
नाना पेठेत, एप्रिलच्या भर दुपारी.
मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला
तीन मजली केक.
"सहाला वानवडीला पोचवायचाय,
आणि हा एसी मनात येईल तेव्हाच चालतो."

एकाने गॅस भरला होता.
दुसऱ्याने तो काढून परत भरला.
तिसऱ्याने कागदावर लिहून दिलं : कॉम्प्रेसर, अडतीस हजार.
मीही बॉनेट उघडून तेच म्हणणार होतो, खोटं कशाला बोलू.
गिऱ्हाईक बाई असली की गॅस संपलेलाच असतो,
आमच्या लाइनीतली जुनी रीत.

फ्यूज पाहिला. शाबूत.
हॉर्नचा रिले उपटून एसीच्या जागी खोचला,
काही फरक नाही.
प्रेशर स्विचच्या वायरी हलवल्या, दाबल्या, ओढल्या.
क्लचवर मीटर लावला : तेरा पॉइंट आठ.
टक्. क्लच धरला, पाइपाला घाम फुटला, सगळं ठणठणीत.
उभी गाडी कधी खरं सांगत नाही.
डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो, तशातली गत.

तेव्हा त्यांनी पर्समधून वही काढली.
लोणी, साखर, अंडी, खोक्यांचे पैसे,
आणि त्या हिशेबात मधेच कुठे कुठे :
११ तारीख. रामोशी गेट, उजवीकडे वळले, बंद.
११. स्पीडब्रेकर, चालू.
१४. कॅम्प, उजवीकडे, बंद. डावीकडे काही नाही.
१९. उजवीकडे. क्रीम गेलं.
"हे कुणाला दाखवलं?"
"तिघांना. तिघेही हसले."

मी हसलो नाही, त्याचं श्रेय मला नको.
ते मुलाणी उस्तादांचं.
पावतीवर अंगठा उठवायचे,
पण गाडी चालवणाऱ्याला आधी बोलू द्यायचे
चहावर साय धरेपर्यंत.
म्हणायचे, वायरीला तोंड नसतं,
ती ड्रायव्हरच्या तोंडून बोलते.

मग मीटरच्या वायरी लांबवून बॉनेटच्या फटीतून
खिडकीत घेतल्या, मीटर मांडीवर,
आणि बाई चालवत राहिल्या. फक्त उजवीकडे.
क्वार्टर गेटपासून उजवीकडे, पुढच्या बोळाला उजवीकडे,
मागून एक टेम्पोवाला आमच्या खानदानाची चौकशी करत होता.
तेरा पॉइंट आठ.
तेरा पॉइंट सात.
"आत्ता," त्या म्हणाल्या.
मी मान वर केली, परत खाली पाहिलं,
सहा पॉइंट दोन.
त्या मीटरच्या आधी म्हणाल्या होत्या.

बॅटरीच्या ट्रेखाली अर्थ सापडला.
पत्र्याला कसलेला दहा नंबरचा बोल्ट,
त्याखाली वायरीची कडी, कडीवर हिरवट पीठ.
उजव्या वळणाला इंजिन डावीकडे झुकायचं,
वायर ताणायची,
कडी केसभर उचलायची. एवढंच.
अडतीस हजार आणि केसभर.

अशा वेळी उस्ताद विचारायचे, "अर्थ लागला का?"
त्यांच्या तोंडी त्यात कोटी नसायची,
बोल्ट नीट बसला का, इतकाच प्रश्न.
मला मात्र अजून दोन्ही ऐकू येतं.

सँडपेपर मारला, नवा वॉशर, वर ग्रीसचं बोट.
अडीचशे झाले. त्यांनी तीनशे दिले,
"राहू द्या" म्हणाल्या,
दोन पावलं गेल्या, आणि परत येऊन पन्नास घेतले.
वरचा मजला जरासा कलला होता. डावीकडे.
"फोटोवाल्याला सांगते, समोरून काढू नको."

गल्लीच्या टोकाला त्या उजवीकडे वळल्या.
मी हात पुसत उभा राहिलो, कान देऊन.
इथून काय ऐकू येणार म्हणा.
तरी.