अकरा सेकंद

चोरबाजारात गंजलेल्या डब्यात
मिळालं एवढंच रीळ :
एक पाटी, आणि पाटीनंतर अकरा सेकंद.

पाटीवर : ‘नाथ, जन्मोजन्मी मी आपलीच.’
खाली तेच गुजरातीत.
मग माझगावातली कुठलीशी गच्ची,
कापडावर रंगवलेला महाल वाऱ्याने फुगलेला,
आणि ती (नाव कुठेच नाही)
ओठ हलवते.

डॉकयार्ड रोडच्या फिलोमिना टीचर
बहिऱ्या मुलांच्या शाळेत
चाळीस वर्षं ओठ वाचत आल्या.
तीनदा फिरवायला लावलं.
मग हसल्या, चष्मा पुसला :

‘कोकणीत बोलतेय गं.
बेगीन कर रे बाबा, म्हणते,
पांय भाजतात.’

तेव्हापासून महाल दिसतच नाही मला.
बाराचं ऊन दिसतं,
आणि शालूखाली
हळूच उचललेली
एक टाच.