दोन बोटं मोकळी

पालच्या घाटात, तिसऱ्या वळणाला
इंजिन ओरडत राहिलं, गाडी मात्र जागची हलेना.
वास आला. आधी वाटलं, खाली कुणी चप्पल जाळतंय.
मागे केळीचा ट्रक. क्लीनर उतरला,
हॉर्नबिर्न नाही, दोन दगड आणून
चुपचाप मागच्या चाकांना लावून गेला.

रुबाब तडवीचं गॅरेज सावदा रस्त्यावर:
एक निंब, एक खड्डा, चार पत्रे.
मे महिना. पाना उन्हात राहिला तर हाताला फोड.
त्याने पेडल आधी हातानेच दाबून पाहिलं.
"अठ्ठ्याण्णवची ना? केबलवाली. बरं हाये.
पन खोला लागीन सगळं."

सगळं म्हणजे सगळं.
मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, तो म्हणाला, सोपं असतं,
खाली झोपायचं, शाफ्ट सोडायचा, डबा उतरवायचा.
हिचा संसार पुढेच, आडवा, एका खणात.
एकाला उठवायचं तर तिघांना म्हणावं लागतं
जरा सरका.

बॅटरी सरकली. मीटरची केबल, गिअरची दांडी.
तेल तसराळ्यात सोडलं, त्यातली चकाकी
बोटावर घेऊन दाखवली: "सोनं नही, मॅडम."
हबचा नट हटून बसला होता.
पान्यात हातभर पाइप घालून वर अलीम उभा राहिला,
वय सतरा, वजन भरल्या दोन घागरींचं.
दोन उड्या फुकट गेल्या. तिसरीला नट कण्हला.
मग एक्सल निसटले, आधी डावा, मग उजवा.
इंजिनाखाली जॅक, जॅकवर बाभळीचा ओंडका,
आणि नटबोल्ट केळीच्या पानावर,
निघाले त्या क्रमाने,
एक जरा लांब होता तो मुद्दाम आडवा.

गिअरबॉक्स अलीमच्या छातीवर उतरला.
प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे,
आणि प्लेट बाहेर आली.
मी उत्तरपत्रिका उजेडाला धरते
तशी धरली त्याने.
रिव्हेट वर आलेले, कड निळी पडलेली.
"ही घाटात नही जयली.
रोज जयली, थोडी थोडी.
तुमचा डावा पाय पेडलावर झोपते."

झोपत नाही, मी म्हणणार होते.
जागा असतो.
शेजारच्या सीटवर चार वर्षं एक आवाज बसायचा,
क्लच, क्लच, अगं क्लच.
आता त्या सीटवर तपासायचे गठ्ठे असतात, कधी बामणोदची वांगी,
पण पायाला कुणी सांगितलं नव्हतं.
मी रुबाबला एवढंच म्हणाले, असेल.

फ्लायव्हीलवर पॉलिश पेपर फिरला.
नवी प्लेट मधोमध बसावी म्हणून
सागवानी डमी, त्याच्या बापाने कातलेली.
नवं बेअरिंग, नवी सीलं,
ग्रीस नखाएवढं, "जास्त झालं का परत खोला."
संध्याकाळपर्यंत पान रिकामं झालं.
लांब बोल्ट सगळ्यांत शेवटी.

मग केबल. तो दाराशी उकिडवा बसला,
पेडलखाली बोटं धरून नट फिरवत.
"दोन बोटं रिकामं जाले पाह्यजे.
त्या दोन बोटांत काहीच होत नही."
मग कशाला, मी विचारलं.
"म्हनूनच," तो म्हणाला, आणि हात पुसायला उठला.

बिलात अलीमच्या उड्या धरल्या नव्हत्या.
जुनी प्लेट मी मागून घेतली,
नववीला घर्षण शिकवताना दाखवीन.

सोमवारी तिसऱ्याच वळणाला पुढे ट्रक थांबला.
हँडब्रेक ओढला, गिअर काढला,
आणि डावा पाय उचलून बाजूला ठेवला.
कुठे ठेवला ते वाकून पाहिलं:
उरलेल्या रबरी मॅटची चाळण झालेली,
तिथे मात्र वीतभर काळी, कोरी,
कारखान्यातून आली तशी नक्षी.