सारखी ओल

लाँगटनच्या कारखान्यात मी कपांना कान लावते.
दिवसाला सहाशे.
मराठीत कपाला कान असतो, हे सांगितलं तेव्हा
बेरिल टनिक्लिफ हातातला स्पंज ठेवून हसली.
त्यांच्याकडे नुसती मूठ.

एकेचाळीस वर्षं ती याच बाकावर.
सगळ्यांना 'डक' म्हणते, म्हणजे बदक.
पहिला महिनाभर मला वाटलं, हे माझ्या चालीवर आहे.
मी पुस्तकं लिहिते हे तिला माहीत आहे.
मराठी कुठे बोलतात, हे नाही.

तिसरी कादंबरी नवव्या प्रकरणात अडली होती.
सुईण गोदाक्का,
दगावलेलं मूल फडक्यात गुंडाळून
उंबऱ्यात उभी राहते आणि बोलते.
चार पानं बोलते.
जन्मावर, बाईच्या जातीवर,
एका परिच्छेदात तर नदीवरसुद्धा.
मला ती पानं फार आवडायची.
पुण्याहून मोघेबाईंनी समासात पेन्सिलीनं विचारलं,
'ही कोण बोलतेय?'
आठवडाभर मी त्यांच्यावर रुसले होते.

मग एका मंगळवारी माझे अकरा कप
भट्टीतून चिरलेले आले.
चीर सगळ्यांना एकाच जागी,
कानाच्या मुळाशी.
बेरिलनं एक उचलून नखानं टिचकी मारली.
बद्द.
दुसरा. बद्द.
"कप सकाळचे होते, डक, कान आत्ताचे.
सुकल्याला ओलं चिकटवलंस.
चिकटतं की, छान चिकटतं.
मग आगीत दोघं आपापल्या मापानं आकसतात."
ओल कळायची कशी?
"गालाला लावून बघ," म्हणाली,
आणि बिस्किटं खायला गेली.

घरी येताना, फेंटनच्या बसथांब्यावर,
मला काही उमगलं-बिमगलं नाही.
मोघेबाईंचं अक्षर तेवढं दिसत राहिलं.
रात्री स्वयंपाकघरात ती चार पानं
मोठ्यानं वाचली.
शेजाऱ्यानं भिंत ठोकली, तरी वाचली.
बद्द.

बत्तीस वर्षं नाळा कापणारी बाई ती,
तिची माती केव्हाच वाळलेली.
ओली होते मी.
बहीण गेल्याचा फोन आला त्या आठवड्यात
लिहिली होती मी ती पानं,
विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं म्हणून.
आणि सगळं नेऊन गोदाक्काच्या तोंडी चिकटवलं.
छान चिकटलं होतं.

आधीच्या दोन पुस्तकांचं आता काही करता येत नाही.
ती भाजून निघालीत.
दुसऱ्यात, पान एकशे बारावर,
डावखुरा भिवा उजव्या हातानं दोर कापतो.
बार्शीच्या एका वाचकानं पोस्टकार्ड टाकून कळवलं,
खाली 'आपला नम्र' लिहून.
ते कार्ड मी फ्रीजवर लावलंय.
कच्च्याचं बरं असतं,
बादलीत टाकलं की पुन्हा चिखल.

चार पानांचं एक वाक्य व्हायला अकरा रात्री लागल्या.
आता गोदाक्का उंबऱ्यात येते आणि एवढंच म्हणते,
"चूल इझवू नका. तिला पाणी लागंल."
त्यातही 'विझवू' की 'इझवू' यात दोन रात्री गेल्या.
तेराव्या रात्री कुणी बघत नाही असं पाहून
मी ते पान गालाला लावलं.
मूर्खपणा.
कागदाला कागदाचाच वास.

मोघेबाईंनी या खेपेला समासात काहीच लिहिलं नाही,
म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

जुनी चार पानं फेकली नाहीत मी.
खालच्या खणात आहेत, भांडी पुसायच्या फडक्यांखाली.
बहिणीवर लिहीन कधीतरी.
अजून हात लावला
की बोटं उमटतात.