पाच लिटरचा कॅन

बेळगुंदीहून सहा चाळीसची बस.
मांडीवर पांढरा कॅन,
त्यात बाबांची चोवीस तासांची लघवी.
शेजारची बाई विचारते, ताक काय गं?
मी म्हणते, होय.

हवालदार भरमाण्णा नावगेकर, निवृत्त.
परेडसारखी वेळ पाळली त्यांनी.
रात्री उठले तेव्हाही बॅटरी लावून वहीत लिहिलं:
दोन वाजून दहा. दोनशे मिली.

देशाचं नाव घेत नाहीत, 'तिकडं' म्हणतात.
तिकडं हे गेले तेव्हा लढाई संपलेली,
डोक्यावर निळी टोपी.
लढाई संपलेली, खरं रणगाडा होता,
जळका, ऑलिव्हच्या बागेत,
कुशीला बोटभर भोक
आणि भोकाच्या कडेला पिवळी पूड, हळदीसारखी.
पोरं आत शिरून गाडी-गाडी खेळायची.
एक शेळी सावलीला बसायची.

तिसऱ्या महिन्यात एक साहेब पेटी घेऊन आला.
पेटी टिकटिकली.
त्यानं आपल्या तोंडाला मास्क लावला
आणि मग बाबांच्या तोंडाकडं बघितलं.
तिथं रुमाल होता,
कोपऱ्यात आईनं भरलेला गुलाब.

बाबांनी फक्की मागून घेतली.
कबड्डीचं मैदान आखतात तसा
रणगाड्याभोवती गोल ओढला, पन्नास पावलांचा.
भाषा येत नव्हती.
पोरांना रेषेबाहेर आणून
नाक दाबलं, पोट धरलं, आडवे पडले.
पोरं हसली. पुन्हा कर म्हणाली.
ड्युटी सुटल्यावर रोज बाबा मेले तिथं,
चाळीस दिवस.
शेवटी पोरंच शेळीला रेषेवरून हाकलायला लागली.

इथं रताळी काढायच्या दिवसांत
लाल माती झटकून सगळे तशीच दाताखाली धरतात.
बाबा बांधावर बादली घेऊन उभे: आधी धुवा. तीनदा.
गाव म्हणतं, हवालदाराला मातीची किळस आली.
आई एवढंच म्हणते, ते कपडे मी धुतले होते,
विहिरीवर, हातानं.

खिडकीतला अर्ज कानडीत आणि इंग्रजीत.
मुलगा चांगला आहे, मराठीत समजावतो.
साखर बघतो, क्रिएटिनिन बघतो,
तुम्ही म्हणता ते इथं होत नाही ताई.
युरेनियम, हा शब्द तो हळू म्हणतो,
मागच्या रांगेकडं बघत.
बाहेर पाठवावं लागतं. सैन्याचं पत्र लागतं.

पत्र आहे की.
'सदर मोहिमेत अशा पदार्थाशी संपर्काची नोंद नाही.'
घड्यांवर फाटायला आलंय.

तो कॅन परत सरकवतो. ओतून टाका म्हणतो.
मी विचारते, कुठं?
तो पेनाचं टोपण लावतो, काढतो.

पायरीवर बसले तोवर फोन.
घेतलं काय गं?
घेतलं बाबा.
माझं राहू दे, म्हणतात,
तिकडच्या पोरांचं कुणी बघितलं काय
तेवढं विचारून ये.

मी वळते.
खिडकीवर पाटी लागलेली, जेवणाची सुट्टी.
कॅन अजून कोमट आहे.