फ्यूज

बावधनच्या त्या इमारतीत, बाराव्या मजल्याच्याही वर,
पाण्याच्या टाकीमागं मला ते पहिल्यांदा दिसलं.
जुलै संपत आलेला. रंगाच्या रिकाम्या डब्यात
गुडघ्याएवढं, सात बोटांची पानं पसरून.
झेंडू नाही. अंबाडी नाही.
मी काय ओळखणार नाही होय?
भुकूमच्या मठाबाहेर
चिलमीला छापी गुंडाळणारी बोटं बघत मोठा झालो मी.

डब्याला तळाशी भोक नव्हतं.
पाऊस आठ दिवस लागून राहिलेला,
मुळं बुडालेली, खालची पानं हळदीसारखी.
पोराला मोबाइलवर सगळं कळत होतं,
पाण्यात आंबटपणा किती, कुठल्या आठवड्यात काय,
भोक तेवढं राहून गेलं.
मी खिळा तापवून चार भोकं पाडली.
कोणाला सांगितलं नाही. झाड बुडत होतं, एवढंच.

दोन दिवसांनी तो वर आला. ओजस, अकराशे तीन, भाडेकरू.
मला बघून थिजलाच.
"शोभेचं आहे, काका."
म्हटलं, "शोभतंय की."

बी कुल्लूकडचं म्हणे, ट्रेकच्या पँटच्या शिवणीत आलेलं.
तिकडं दिवस ताणतो नि आटतो.
आपल्याकडं दिवस म्हणजे सरकारी नोकर,
उन्हाळा असो, हिवाळा असो, तास-दीड तासाचा फरक.
तरी ते वाढलं. कमरेएवढं, मग खांद्याएवढं.
ओल्या रात्री वास सुटायचा,
लिंबाची साल, शेळ्यांचा गोठा, थोडं रॉकेल.
मी शेजारी मुद्दाम शेणखताचं पोतं उघडं ठेवलं.

"फुलं कधी, काका?"
सप्टेंबर उजाडला तसा रोज विचारायचा,
बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यासारखा.
मी वर बघितलं.

वर बोर्ड. 'सह्यगंध हाइट्स', माणसाएवढी निळी अक्षरं,
साताला पेटतात, सहाला विझतात.
हायवेवरून चांदणी चौकापर्यंत दिसतात म्हणे.
गच्चीवर रात्री सुई सांडली तरी सापडेल.
कठड्याशी माझ्या शेवंतीच्या बारा कुंड्या,
तीन वर्षं नुसता पाला.
सेक्रेटरी टिळेकरांना सांगून बघितलं होतं,
साहेब, शेवंती रात्र मोजते.
शेतात बल्ब लावून फुलं लांबवतात लोक,
तसं झालंय आपलं.
ते म्हणाले, खत बदला.

हेही त्याच वळणाचं.
अंधार मोजत बसायचं, आणि कुणीतरी सारखं
मध्येच हाक मारून आकडा चुकवायचं.

त्या रात्री मी बोर्डाचा फ्यूज काढून
लेंग्याच्या खिशात टाकला.
शेवंतीसाठी तीन वर्षांत हे सुचलं नव्हतं.
सुचलं असेल. धाडस झालं नव्हतं.
चोरीच्या झाडासाठी मात्र झालं, का ते मला विचारू नका.

इलेक्ट्रिशियन तीनदा येऊन गेला,
पाणी गेलंय आत, स्वतःच म्हणाला.
बावीस रात्री.
पहिल्यांदाच त्या गच्चीवरून मला
टेकडीची कड दिसली, तिच्यावर एकच दिवा.

मग पानांच्या बेचक्यात मोहरीएवढे दाणे.
ओजस फोटो काढत सुटला.
चार दिवसांत दाणे लोंबले, उघडले,
माझ्या अंगठ्यावर पिवळट भुकटी आली.
"नर आहे रे."
"मग?"
"मग काही नाही. नर आहे."
तो टाकीच्या ओट्यावर बसून राहिला,
पायातली चप्पल एक वर एक खाली.

सकाळी काळ्या पिशवीत मुळासकट कोंबलेलं मिळालं.
मी बारीक तोडून खड्ड्यात टाकलं, वर माती.
फ्यूज परत बसवला. अक्षरं पेटली.
ओजस डिसेंबरात हैदराबादला गेला,
जाताना तो डबा मला देऊन.

दिवाळीत बाराच्या बारा कुंड्या पिवळ्याधमक.
टिळेकर बायकोला घेऊन वर आले.
"बघितलंत? खत बदललं म्हणून."
म्हटलं, होय साहेब.

पुढच्या सप्टेंबरात बोर्डात पाणी जाईल.
त्याच्या पुढच्याही.